भीमगीतातली भक्ती

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देशाला एक इशारा दिला. धर्मातली भक्ती माणसाला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती, म्हणजे एखाद्या थोर माणसाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहून टाकणे, अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता. याच बाबासाहेबांवर महाराष्ट्रात हजारो गाणी रचली गेली. त्यांतली पुष्कळशी भक्तीच्या चालीत आणि भक्तीच्याच शब्दांत आहेत. त्यांत बाबासाहेब राया आहेत, बाप आहेत, माउली आहेत. ज्याने विभूतिपूजा नाकारली त्याच्याच स्तुतीवर एका समाजाची लोकसंस्कृती उभी राहिली आणि त्या लोकसंस्कृतीवर त्या समाजाचे राजकारण. ही विसंगती आहे का, आणि असेल तर तिचा दोष कोणाकडे जातो, हा भीमगीतापुढचा तात्त्विक प्रश्न आहे.

कल्याण जंक्शनहून कर्जतकडे निघालेल्या लोकलचे पहिले स्टेशन विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. या पट्ट्यात रेल्वे, शहाडची सेंचुरी रेयॉन, मोहन्याची एनआरसी आणि उल्हासनगरातले लहानमोठे कारखाने यांच्या आधाराने मराठवाडा, सोलापूर, खानदेश, नगर, नाशिक अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे स्थिरावली. त्यांनी गावाकडून सोबत आणलेल्या गोष्टींत गाणे होते. सकाळच्या कर्जत-बदलापूर लोकलमध्ये आजही एखाद्या डब्यात टाळ वाजतात, अभंग सुरू असतो आणि दाराशी लटकलेला माणूसही ठेका धरतो. एप्रिल उजाडला की याच पट्ट्यातल्या वस्त्यांत मंडप पडतात, निळ्या पताका लागतात आणि रात्री हार्मोनियम, ढोलक, बँजो घेऊन गायनपार्टी बसते. सकाळी लोकलमधला अभंग आणि रात्री मंडपातले भीमगीत ऐकणारी माणसे काही वेळा तीच असतात. चालींचे नाते तर फारच जवळचे आहे. भीमगीतातल्या भक्तीचा विचार म्हणूनच विठ्ठलापासून सुरू करावा लागतो.

विठ्ठलाशी अस्पृश्य समाजाचे नाते प्रेमाचे होते आणि अपमानाचेही. चौदाव्या शतकातला चोखामेळा विठ्ठलाचा लाडका भक्त मानला गेला, पण त्याची जागा देवळाबाहेर राहिली. मंगळवेढ्याला कुसू कोसळून तो मजुरांबरोबर गाडला गेला आणि पंढरपुरात त्याची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ झाली. त्या पायरीच्या आत त्याच्या समाजाला पाऊल टाकता यावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. बाबासाहेबांनी आपला ‘द अनटचेबल्स’ हा 1948 चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांविषयी त्यांना आदर होता, पण भ्रम नव्हता. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’वर गांधीजींनी घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देताना त्यांनी सांगितले की संतांनी देवाच्या दृष्टीने सगळे समान असल्याचे सांगितले, माणसामाणसांतल्या समतेसाठी मात्र लढा उभारला नाही. देवापुढची समता निरुपद्रवी असते. तिने गावाची रचना बदलत नाही, पाणवठा खुला होत नाही. भक्तीवरचा हा आंबेडकरी आक्षेप इतका मूलगामी आहे की त्याला बगल देऊन भीमगीताचे समर्थन करता येत नाही.

पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धर्मांतर झाले आणि बावीस प्रतिज्ञांनी हिंदू देवतांची उपासना स्पष्टपणे नाकारली. तरी विठ्ठल पूर्णपणे बाहेर गेला असे झाले नाही. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनीच पंढरपूरची मूर्ती मूळची बुद्धाची असल्याचे मत मांडले होते. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथाने नंतर त्या दैवताचे अनेक थर उकलले आणि गवळी-धनगरांचा देव ते बुद्धरूप असा त्याचा व्यापक पट मांडला. मूर्ती मूळची कोणाची हा इतिहासाचा वाद बाजूला ठेवला, तरी बाबासाहेबांच्या त्या मतातून एक गोष्ट दिसते. ज्या वारशातून समाजाला हाकलले गेले, तो वारसा सोडून देण्याऐवजी त्यावर हक्क सांगण्याचा मार्गही त्यांना मोकळा ठेवायचा होता. भीमगीताने नेमके हेच केले. देव सोडला आणि चाल ठेवून घेतली.

चाल ठेवण्याची ही रीत जुनी आहे. महात्मा फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढच्या काळात त्याचे जलसे गावोगाव फिरले. तमाशात आधी गण येतो, मग गवळण, बतावणी आणि वग. सत्यशोधकांनी हाच साचा घेतला आणि त्यातला मजकूर बदलला. आंबेडकरी जलशांनी तो आणखी बदलला. गणपतीच्या जागी बाबासाहेबांचे स्तवन आले, गवळणीतला शृंगार गेला आणि बतावणीत सावकार, तलाठी, भटजी, गावकीची कामे, मेलेले ढोर ओढण्याची सक्ती हे विषय आले. 1930 च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशाने हे काम फार जोमाने केले. जलसा पाहून लोकांनी येसकरकीची, ढोरे ओढण्याची कामे सोडावीत हा त्याचा सरळ हेतू होता. या कलेत करमणूक आणि आंदोलन यांच्यात भिंत नव्हती. भाषण समजायला शिकलेले कान लागत, जलसा कोणालाही समजे. बाबासाहेब स्वतः जलशांना आपल्या सभांइतकेच मोलाचे मानत, ही आठवण चळवळीत अजून सांगितली जाते.

जलशानंतर गाणे एकेका कवीच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सर्वांत मोठे नाव वामनदादा कर्डकांचे. 1922 साली नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या या माणसाने शाळा पाहिली नव्हती. मुंबईत मजुरी करताना दुकानांच्या पाट्या वाचत ते अक्षर शिकले आणि 2004 साली गेले तेव्हा त्यांची गाणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक बौद्ध वस्तीत पाठ होती. त्यांच्या गाण्याची घडण पाहण्यासारखी आहे. ध्रुवपदात बहुधा स्तुती असते, कृतज्ञता असते. तिथे श्रोता सहज गाण्यात ओढला जातो. पहिल्या अंतऱ्यात पूर्वीची अवस्था येते, म्हणजे गावकुसाबाहेरचे जिणे, फाटके लुगडे, उष्टे अन्न. दुसऱ्यात बदल येतो. आणि शेवटच्या अंतऱ्यात, जिथे अभंगात तुकोबांची किंवा नामदेवांची नाममुद्रा येते तिथे, वामनाचे नाव येते आणि त्याबरोबर बहुधा एक प्रश्न किंवा तंबी येते. ज्यांनी बाबांच्या पुण्याईवर नोकऱ्या मिळवल्या त्यांनी वस्तीकडे पाठ का फिरवली? पुढारी एकमेकांत का भांडतात? ध्रुवपदात सुखावलेल्या श्रोत्याला शेवटी जाब विचारला जातो. भक्तीच्या साच्यात असा जाब बसवणे ही वामनदादांची आणि त्यांच्या बरोबरच्या शाहिरांची खरी कमाई आहे.

बाबासाहेबांच्या इशाऱ्याचा अर्थ इथे नीट लावला पाहिजे. 1949 च्या भाषणापूर्वी जवळजवळ सात वर्षे, 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या ‘रानडे, गांधी आणि जीना’ या भाषणात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार केले होते. थोर माणसाबद्दल अमर्याद आदर व्यक्त करणे हा एक प्रकार. त्या आदरात उदात्त गुणांचा मान असतो आणि माणूस त्या गुणांचे केवळ प्रतीक असतो. दुसरा प्रकार म्हणजे थोर माणसाच्या शब्दापुढे डोके गहाण टाकणे. पहिल्याने माणसाची विचारशक्ती आणि कृतीचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही, दुसऱ्याने माणूस पुरता मूर्ख बनतो. हा भेद आजही भीमगीताला लावण्यासारखा सर्वांत चांगला निकष आहे. तो भाषेला लागत नाही. राया म्हटले, बाप म्हटले म्हणून गाणे दोषी ठरत नाही. गाणे संपल्यावर श्रोता अधिक विचार करतो की कमी, एवढेच पाहायचे. वामनदादांचा शेवटचा अंतरा या कसोटीला उतरतो.

बौद्ध परंपरेतही गाण्याविषयी असाच दुहेरी विचार आढळतो. उपोसथाच्या दिवशी पाळायच्या अष्टशीलात नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहण्याचा नियम आहे, आणि भिक्खूंना तो कायमचा लागू आहे. पण दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन बुद्धासमोर गातो. त्याच्या गाण्यात एका तरुणीवरचे प्रेम आणि बुद्ध, धम्म, अर्हंत यांचे गुणगान सरमिसळ झालेले आहे. बुद्ध त्याला रागावत नाहीत. वीणेचा स्वर आणि त्याचा आवाज एकमेकांना किती चांगले जुळले, एवढे सांगून कौतुक करतात. थेरीगाथेत तर स्त्रियांच्या मुक्तीचे अनुभव गाथारूपातच टिकले. धम्मात गाण्याला मज्जाव आहे असे म्हणणाऱ्यांनी आणि गाण्यालाच धम्म समजणाऱ्यांनीही हे दोन्ही संदर्भ समोर ठेवावेत. बाबासाहेबांच्या नवयान बौद्ध धम्माचा आधार गृहस्थ आहे, भिक्खू नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये बाबासाहेबांनी धम्म सामाजिक असतो, माणसामाणसांमधल्या वागण्यात असतो, असे मांडले. जो धम्म समाजात जगायचा, तो चार भिंतींत मौन धरून पोचवता येत नाही. त्याला मंडप लागतो आणि ढोलक लागते.

धर्माच्या चालीतून राजकारण उभे करण्याचे दुसरे मोठे उदाहरण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाचे आहे, आणि महाराष्ट्राचा त्याच्याशी संबंध नवा नाही. फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. 1946 साली त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची चौकशी केली आणि डु बॉइस यांनी त्याला उत्तरही दिले. याच डु बॉइस यांनी 1903 च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी गुलामांच्या गीतांची स्वरलिपी छापली आणि शेवटचे प्रकरण त्या गीतांनाच वाहिले. एका समाजाचे तत्त्वज्ञान त्याच्या गाण्यांत असते, ही गोष्ट त्यांनी विद्वानांसमोर ठामपणे ठेवली.

गुलामांनी मालकांचा ख्रिस्ती धर्म घेतला आणि त्यातून स्वतःची कथा निवडली. मिसरमधून गुलामांना बाहेर काढणारा मोशे त्यांचा झाला. पुढे विसाव्या शतकात थॉमस डॉर्सी यांनी ब्लूजची चाल चर्चमध्ये आणली आणि गॉस्पेलचा जन्म झाला. 1950 च्या दशकात रे चार्ल्स यांनी उलट वाट धरली. त्यांनी गॉस्पेलच्या चालीत प्रेमगीते गायली आणि चर्चच्या माणसांनी त्यांना नावे ठेवली. नागरी हक्कांच्या चळवळीत हीच गॉस्पेल गाणी शब्द बदलून मोर्च्यांत आली. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याचे हिंदी रूप भारतातल्या शाळांत मुले आजही म्हणतात. 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनच्या विराट सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर महालिया जॅक्सन यांचे गाणेही होते. चर्चचा बाक आणि राजकीय व्यासपीठ यांत त्या दिवशी अंतर उरले नव्हते.

दोन्ही परंपरांत साम्य इतके ठळक आहे की मोठा फरक नजरेआड होतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी बहुसंख्येने धर्म सोडला नाही, त्यांनी तो आतून पालटला. त्यांच्या गाण्यातला देव खराच देव होता, त्याच्याकडे मागणे मागता येत होते. आंबेडकरी समाजाने देव आणि जुना धर्म दोन्ही सोडले. म्हणून भीमगीतात मागणे नसते. कोणीतरी येऊन तारेल अशी आशा नसते. जे मिळायचे ते मिळून गेले आहे, आणि आता त्याची परतफेड कशी करायची हा प्रश्न असतो. वारकरी अभंगात भक्त विठ्ठलाच्या भेटीची आस धरून असतो. भीमगीतात भेट होऊन गेली आहे, बाप निघून गेला आहे आणि मागे घर सांभाळायचे आहे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा समाज तीर्थावर मागणे मागायला येत नाही, ऋण मान्य करायला येतो. भक्तीच्या रूपात भक्तीच्याच मूळ हेतूची ही उलटापालट आहे. ती न ओळखता भीमगीताला विभूतिपूजा म्हणून झिडकारणे वरवरचे आहे.

कृष्णवर्णीय अनुभवाचा महाराष्ट्रावर सर्वांत उघड ठसा 1972 साली उमटला. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 1966 साली ओकलंडमध्ये स्थापन केलेल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे तिघेही लेखक-कवी होते. त्याच वर्षी ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि ‘साधना’च्या 15 ऑगस्टच्या अंकातल्या ढाल्यांच्या लेखाने महाराष्ट्र ढवळला. ब्लॅक पँथरचा स्वतःचा फंक वाद्यवृंद होता, आणि जेम्स ब्राउन यांचे कृष्णवर्णाचा अभिमान सांगणारे 1968 चे गाणे सगळीकडे ऐकू येत होते. दलित पँथरची ताकद मात्र छापील शब्दात होती. तिची कविता मुक्तछंदात होती, नियतकालिकांत आली आणि पुढे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गेली. मंडपातले भीमगीत तिथे गेले नाही. दलित साहित्याच्या समीक्षेने त्याला दीर्घकाळ हिशोबात धरले नाही, यमके जुळवणारे, भावुक, सभेला गर्दी जमवण्यापुरते उपयोगी असे मानले. हा अन्याय होता. ढसाळांची कविता ज्या घरांबद्दल होती, त्या घरांतल्या आयांच्या तोंडी वामनदादा होते.

1974 मध्ये पँथर फुटली. बुद्ध-आंबेडकर हा एकच पाया मानायचा, की मार्क्सवाद्यांशी आणि इतर शोषितांशी वर्गाच्या पायावर हात मिळवायचा, हा ढाले आणि ढसाळ यांच्यातला वाद वैयक्तिक होता तितकाच तात्त्विकही होता. गाण्याने मात्र ही फूट त्या कडकपणाने पाळली नाही. लाल बावट्याचे अण्णा भाऊ साठे यांनी बाबासाहेबांवर लिहिलेले गाणे निळ्या मंडपात तितक्याच प्रेमाने गायले जाते. विलास घोगरे यांचे आयुष्य आणि मरण या दोन प्रवाहांच्या मधोमध आहे. ते डाव्या सांस्कृतिक चळवळीचे शाहीर. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे गेली. चार दिवसांनी घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. डोक्याला निळे फडके बांधले होते आणि भिंतीवर आंबेडकरी एकजुटीचा जयकार लिहिला होता. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटाची सुरुवात या मरणापासून होते. वर्ग की जात, मार्क्स की बुद्ध, या वादाला पुस्तकांत पुष्कळ उत्तरे आहेत. एका शाहिराने मात्र तो वाद स्वतःच्या देहावर घेतला, आणि त्याला उत्तर देणे कोणत्याही पक्षाला जमलेले नाही.

बाजाराची बाजू निराळी आहे, आणि कल्याणशी तिचा थेट संबंध येतो. कल्याणशी नाते असलेल्या शिंदे घराण्याचे प्रल्हाद शिंदे हे महाराष्ट्रातल्या सर्वांत ओळखीच्या आवाजांपैकी एक. घराणे मूळचे मंगळवेढ्याकडचे, म्हणजे चोखोबा जिथे गाडला गेला त्या मातीतले. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते गायली, कव्वाल्या गायल्या आणि विठ्ठलाची भक्तिगीतेही गायली. पंढरीच्या वाटेवरचे त्यांचे गीत आषाढीच्या दिवसांत रेडिओवर, देवळांच्या भोंग्यांवर, एसटीच्या थांब्यांवर वाजत असते. आंबेडकरी चळवळीतल्या गायकाने विठ्ठल कसा गायला, बावीस प्रतिज्ञांचे काय, असा प्रश्न कट्टर मंडळी विचारत आली आहेत. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की प्रतिज्ञा श्रद्धेला आणि उपासनेला बांधतात, गळ्याला आणि रोजीरोटीला नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओत मायक्रोफोनसमोर उभा असलेला व्यावसायिक गायक पूजा करत नसतो. शिवाय ती चाल त्याच्या पूर्वजांची होती, ती त्याने कोणाकडून उसनी आणली नव्हती.

खरा बोचणारा मुद्दा ऐकणाऱ्यांचा आहे. प्रल्हाद शिंदे यांचे विठ्ठलगीत महाराष्ट्रातल्या सर्व जातींच्या घरांत शिरले. त्यांचेच भीमगीत बहुतेक घरांच्या उंबरठ्यावर अडले. आवाज तोच, गळा तोच. त्याने देवाचे गायले तेव्हा त्याची जात कोणी विचारली नाही, त्याने आपल्या मुक्तीचे गायले तेव्हा ते ‘त्यांचे’ गाणे झाले. अमेरिकेतही असेच झाले. गोऱ्या श्रोत्यांनी कृष्णवर्णीय संगीत डोक्यावर घेतले आणि तेच संगीत निर्माण करणाऱ्या माणसांना शेजारी घर नाकारले. अमिरी बराका यांनी 1963 च्या ‘ब्लूज पीपल’मध्ये या संगीताचा इतिहास समाजाच्या इतिहासापासून तोडता येत नाही असे दाखवले, ते याच अनुभवातून. चोखोबाचा अभंग गाभाऱ्यात गेला आणि चोखोबा पायरीशी राहिला. कॅसेटच्या जमान्यात हेच पुन्हा घडले.

1980 च्या दशकात कॅसेटने लोकगीत स्वस्त केले. आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने लग्नाच्या वरातींत धुमाकूळ घातला आणि त्याच आवाजांत भीमगीतांच्या कॅसेटही खपल्या. ज्या गाण्याला पूर्वी गायनपार्टी बोलवावी लागे ते घरोघरी पोचले, हा लाभ मोठा होता. तोटाही झाला. कॅसेटवर गायकाचे नाव ठळक आले, कवीचे बारीक आले किंवा आलेच नाही. तिसऱ्या पिढीतला आदर्श शिंदे यांचा आवाज पुढे मराठी चित्रपटांत आला. 2020 साली महाविकास आघाडी सरकारने राज्यपालनियुक्त विधान परिषद सदस्यत्वासाठी पाठवलेल्या यादीत आनंद शिंदे यांचे नाव होते. गाण्याची लोकप्रियता ही राजकारणातली रोकड असते, हे सगळ्याच पक्षांनी ओळखले आहे. संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1992 च्या सुमारास कृष्णवर्णीय लोकसंस्कृतीविषयी लिहिताना ती निखळ बंडाची जागा नाही आणि निखळ विकली गेलेलीही नाही, ती सतत झगड्याची जागा आहे, असे मांडले. भीमगीताला हे वर्णन चपखल बसते. त्याच मंडपात वामनदादांचा जाब ऐकू येतो आणि त्याच मंडपाच्या कमानीवर इच्छुक उमेदवाराचा हसरा फोटो असतो.

विभूतिपूजेचा धोका कुठे असेल तर तो इथे आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढे वाजणाऱ्या गाण्याचे नेमके काय होते ते पाहावे. ध्रुवपद राहते, तेच चार-सहा वेळा फिरते, मध्ये ठेका येतो आणि गाणे पुढच्या गाण्यात मिसळते. अंतरे गळतात. पहिल्या अंतऱ्यातली गावकुसाबाहेरची आठवण जाते आणि शेवटच्या अंतऱ्यातला जाबही जातो. उरते ती फक्त स्तुती. वामनदादांच्या गाण्यात स्तुती हे दार होते, आता तेच घर झाले. 1943 च्या निकषावर हे गाणे हळूहळू पहिल्या प्रकारातून दुसऱ्याकडे सरकते, आणि ते करण्यासाठी शब्द बदलावा लागत नाही, फक्त कापावा लागतो. तरुणांच्या नाचण्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. शतकानुशतके ज्यांना रस्त्यावरून मान खाली घालून जावे लागले त्यांची पोरे भर रस्त्यात नाचतात, ही स्वतःच मोठी गोष्ट आहे. आक्षेप नाचावर नाही, अंतरा कापण्यावर आहे.

मिरवणुकीच्या गोंगाटाबाहेर अंतरा अजून जिवंत आहे. मराठवाड्यात जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी बाबासाहेब आणि रमाई गुंफले. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या अशा ओव्या गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने ध्वनिमुद्रित केल्या. त्या ओव्यांत बाबासाहेब भाऊ होतात, माहेरचे होतात, आणि रमाईचे दुःख त्यांच्या मोठेपणाइतकेच जागा घेते. एकतारी घेऊन गाणाऱ्या औरंगाबादच्या कडूबाई खरात यांची गाणी मोबाइलवरून लाखो लोकांपर्यंत पोचली. तिथे डॉल्बी नाही, एक तार आहे आणि पूर्ण अंतरा आहे. अमरावतीचे विपिन ताताड यांच्यासारखे तरुण रॅपर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मलेला प्रकार घेऊन मराठीत जातीवर बोलतात. रॅपमध्ये ध्रुवपद लहान असते आणि मजकूर लांब. जलशातली बतावणी जे काम करी ते रॅप करू शकतो, कारण त्यात युक्तिवादाला जागा आहे. प्रल्हाद शिंदे यांच्या पिढीने विठ्ठलाची चाल घेतली, आताच्या पिढीने ओकलंड-न्यूयॉर्कची घेतली. उसनवारीची रीत तीच आहे.

कल्याण पूर्व, विठ्ठलवाडी, उल्हासनगर या पट्ट्यातल्या वस्त्यांत जुन्या गायनपार्ट्यांची बाडे, म्हणजे हाताने लिहिलेल्या गाण्यांच्या वह्या, आजही कोणाच्या तरी कपाटात असतील. त्यांत ज्यांची नावे कोणत्याही कॅसेटवर आली नाहीत अशा कवींची गाणी नाममुद्रेसह, सगळ्या अंतऱ्यांसह लिहिलेली असतात. त्यांची सूची नाही, संग्रह नाही, आणि लिहिणारी पिढी वयाने थकली आहे. वस्तीतल्या बुद्धविहारांनी, महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आणि जयंती मंडळांनी या वह्या गोळा करून छापाव्यात. जयंतीच्या वर्गणीतला लहानसा वाटाही त्याला पुरेल.